मुरगळलेला घोटा महिनोन्‌महिने आखडलेला? या चुका टाळा

सिंहगड किंवा वेताळ टेकडी उतरताना खडी सरकते, पाऊल आत वळतं आणि घोटा मुरगळतो. सूज ओसरते, पण ताठरपणा मागे राहतो. त्याचं मूळ बरेचदा सांध्याच्या कॅप्सूलमध्ये असतं.

नडगीचं हाड, बाहेरचं फिब्युला आणि खालचं टॅलस यांचा सांधा ज्या पिशवीत बंद असतो, ती कॅप्सूल. पाऊल वर-खाली हलायला जागा हवी, म्हणून ती पुढून-मागून पातळ आणि सैल असते. दोन्ही बाजूंना तिला लिगामेंटचा, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांचा आधार असतो. आतल्या बाजूचं डेल्टॉइड भक्कम. बाहेरच्या तीन लिगामेंटपैकी पुढचं सगळ्यात कच्चं, शिवाय ते कॅप्सूलमध्येच मिसळलेलं. त्यामुळे ते फाटलं की कॅप्सूललाही इजा होते.

पहिली चूक म्हणजे त्याच दिवशी तेल लावून जोरात चोळणं किंवा ‘बसवून’ घेणं. ताज्या जखमेतला रक्तस्राव त्याने वाढतो. गरम शेकही पहिले दोन दिवस नकोच. बर्फ कपड्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं लावा. क्रेप बँडेज बोटांपासून वर गुंडाळा. बोटं बधिर किंवा निळी पडली तर लगेच सोडा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांपैकी एकाच्याही मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत, दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: हाड शाबूत असूनही पाय आठवडेच्या आठवडे हलवायचाच नाही. न हलणाऱ्या कॅप्सूलच्या सैल घड्या चिकटतात, जाड होतात. दुखणं सोसवेल इतपत दोन-तीन दिवसांतच पाऊल वर-खाली हलवायला लागा. पुढे भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते दोन्ही पायांचं मोजा. दोन सेंमीहून जास्त फरक असेल, तर ताठरपणा अजून आहे.

इथेच अनेकजण नुसती पोटरी ताणत बसतात. ताण पोटरीत जाणवला तर ठीक. पण घोट्याच्या पुढेच चिमटल्यासारखं होत असेल, तर पुढची जाड झालेली कॅप्सूल किंवा हाडाची वाढ मध्ये अडकत असू शकते. जोर लावून ते आणखी चिडतं. अशा वेळी फिजिओथेरपिस्टकडून टॅलस मागे सरकवणारे व्यायाम शिकून घ्या.

दुखणं थांबलं म्हणून तोल सांभाळायचा व्यायाम सोडू नका. एका पायावर ३० सेकंद, रोज तीन-चार वेळा. तो चुकवणाऱ्यांचा घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते.

मार न लागताच सांधा लाल, गरम, टम्म फुगला आणि तापही असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.