खलनायक बेफिकीर हवा, बावळट नको

वेबकॉमिकमध्ये, म्हणजे इंटरनेटवर पान-पान करून टाकल्या जाणाऱ्या चित्रकथेत, फाजील आत्मविश्वासाचा खलनायक लिहायला सोपा वाटतो आणि नेमकी तिथेच गाडी घसरते. कथानक पुढे जात नाही, नायकाला तर जिंकवायचं आहे, मग खलनायकाच्या हातून एक ढळढळीत चूक करवून घेतली जाते. पहारेकरी झोपतो, किल्ली टेबलावर राहते, महाशय नायकाला बांधून ठेवून अर्धं पान भाषण ठोकतात. ही चूक त्या माणसाची नसून लेखकाची सोय आहे, हे वाचक पहिल्या चौकटीतच ओळखतो.

यावरचा उपाय एका नियमात बसतो: खलनायकाचा प्रत्येक बेफिकीर निर्णय आधी कधीतरी यशस्वी ठरलेला असला पाहिजे. ज्याने तीन किल्ले आग लावून जिंकले, तो चौथ्या वेळीही आगच लावणार. त्यात मूर्खपणा नाही, सवय आहे. म्हणून पहिली चूक दाखवण्याआधी किमान दोन विजय पानावर दिसू द्या. विजयाची बातमी कुणाच्या तोंडी घालून भागत नाही. नायकाच्या गटाचं काहीतरी कायमचं गेलं पाहिजे. गाव, हात, माणूस, काहीही. धाक आधी बसला असेल तरच बेफिकिरीला वजन येतं.

चित्राला हात लावण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात त्याला खरोखर काय जमतं ते लिहा, दुसऱ्यात जमतं असं त्याला वाटतं ते, आणि तिसऱ्यात तो ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही ते. कथेचं सगळं इंधन तिसऱ्या रकान्यात असतं. तो भरताना ‘तो कशाला घाबरतो’ असं विचारू नका, ‘कशाला तुच्छ मानतो’ असं विचारा. भीती असली की माणूस बंदोबस्त करतो; तुच्छता असली की दार सताड उघडं ठेवतो. रामायणातला रावण ब्रह्मदेवाकडे वर मागताना देव, दानव, यक्ष, नाग, राक्षस सगळ्यांपासून अभय मागतो आणि माणसांना वगळतो, कारण माणसं त्याच्या लेखी गवताच्या काडीसारखी. पुढचं सगळं युद्ध त्या एका वगळण्यातून येतं. तिसरा रकाना असा भरायचा.

आता एक निर्णय नीट मांडून बघू. ज्वालकेतू हा अग्निविद्येचा मांत्रिक काळकडा नावाच्या काल्पनिक किल्ल्यावर बसला आहे. खालच्या रानात नायकाची टोळी लपली आहे. ज्वालकेतू हुकूम सोडतो: रान पेटवा. प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी स्वतःला विचारायचे प्रश्न असे: त्या क्षणी त्याला काय ठाऊक आहे? दुसरा पर्याय कोणता होता? तो का नाकारला? सावध कोण करतं? पहिली किंमत कोण मोजतं? आणि झळ त्याच्यापर्यंत कितव्या पानावर पोचते? इथली उत्तरं अशी: टोळी खाली आहे, एवढं त्याला माहीत आहे. शंभर माणसं उतरवून रान पिंजता आलं असतं, पण त्याला आठवडा लागतो आणि त्यात तमाशा नाही. सावध करतो तो सबनीस, कारण पाण्याचा हिशोब त्याच्याकडे आहे.

तो हिशोब खरा करून ठेवा, चित्रात दिसणार नसला तरी. किल्ल्यावर ३०० माणसं, माणशी रोज ५ लिटर, म्हणजे दिवसाला १,५०० लिटर. टाकं ३ मीटर लांब, ३ रुंद, ३ खोल, म्हणजे २७,००० लिटर. बरोबर १८ दिवसांचं पाणी, आणि टाकं वरून उघडं. रान पेटतं, वारा राख वर आणतो, ती टाक्यात पडते. लाकडाच्या राखेने पाणी खारट आणि बुळबुळीत होतं. ज्वालकेतूला आग ठाऊक आहे, राख त्याच्या गावी नाही. राख झाडणं हे नोकरांचं काम.

पानांचा हिशोब साधारण असा बसवा. चौथ्या पानावर हुकूम. नवव्यावर घोडे पाण्याला तोंड लावत नाहीत. एकच चौकट, संवाद नाही. बाराव्यावर ‘खोट्या आवया उठवतो’ म्हणून सबनिसाला तळघरात टाकतात. सतराव्यावर तहानलेले दोन शिपाई रात्री चोरवाटेने झऱ्यावर उतरतात आणि नायकाची टोळी त्यांना गाठते. सव्विसाव्यावर टोळी त्याच वाटेने आत शिरते. आठवड्याला एक पान टाकत असाल तर चौथ्यापासून सव्विसाव्यापर्यंत २२ आठवडे जातात, म्हणजे पाच महिने. एवढ्या काळात वाचक टाकं विसरतो. म्हणून सहा-सात पानांत एकदा तरी पाणी दिसलंच पाहिजे: रिकामी घागर, कोरडे ओठ, ज्वालकेतूच्या हातातला मद्याचा पेला. त्याला पाण्याची टंचाई जाणवत नाही, कारण तो पाणी पीतच नाही. असा एक तपशील दहा संवादांचं काम करतो.

चौथं पान जवळून बघा. पाच चौकटी पुरतात. पहिलीत बुरुजावरून दिसणारं रान, रुंद चौकट. दुसरीत सबनीस वही उघडतो: “सरकार, वारा वर येतोय. टाकं उघडं आहे, राख जर का—” तिसरीत ज्वालकेतूच्या संवादाचा फुगा सबनिसाच्या फुग्यावर चढलेला, शेवटचे शब्द झाकून: “वारा आम्हाला विचारून वाहतो!” इथे ज्वालकेतूने चौकटीचा दोन तृतीयांश भाग व्यापावा आणि त्याच्या खांद्यामागे टाकं दिसावं, लहान पण रेखीव. चौथीत आग. पाचवीत सबनीस वहीचं पान मिटतो आणि त्या पानावर राखेचा पहिला कण पडलेला असतो. टाक्याकडे बोट दाखवणारा मथळा किंवा बाण टाकू नका. धोका वाचकाच्या नजरेसमोर आणि खलनायकाच्या पाठीमागे असला की काम झालं.

त्याच्या बोलण्यात एक शिस्त पाळा. तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, हाताखालच्यांना ‘अरे-तुरे’ करतो, आणि प्रश्न विचारला तरी उत्तराची वाट बघत नाही. हे काटेकोर पाळलंत तर सव्विसाव्या पानावर त्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘मी’ निघताच वाचकाला सगळं समजेल, चेहरा वेगळा रंगवावा लागणार नाही.

अक्षरांबद्दल थोडं, कारण मराठी कॉमिकमधली निम्मी नाट्यमयता तिथेच वाया जाते. इंग्रजीत आरडाओरडा कॅपिटल अक्षरांत दाखवता येतो, देवनागरीत ती सोय नाही. ओरडणं जाड वळणाने आणि आकाराने दाखवावं लागतं. शांत बोलण्याला कलम, ओरडण्याला बालू अशी फॉन्टची जोडी चांगली जुळते. दोन्ही मोफत मिळतात. वेलांटी, रफार आणि उकार एकमेकांत घुसू नयेत म्हणून दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.३ ते १.४ पट ठेवा. १०८० × १३५० पिक्सेलच्या पानावर ३६ पिक्सेलच्या खाली जाऊ नका, फोनवर वाचवत नाही. एका फुग्यात १५ ते २० शब्द. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. आणि खलनायकाला फार बोलायची खोड असेल तर फुगे वाढवू नका, त्याच्या फुग्यामुळे इतरांचे फुगे कोपऱ्यात चेपू द्या.

बेफिकिरी लांबवर कशी चालवता येते, हे बघायचं तर २००३ पासून सुरू असलेलं रिच बर्ल्यू यांचं ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ हे अमेरिकन वेबकॉमिक बघावं. (वाचायचं बाकी असेल तर हा परिच्छेद सोडा, गंमत जाईल.) त्यातला झायकॉन हा मेल्यावरही सांगाड्याच्या रूपात वावरणारा मांत्रिक. त्याचा आत्मा एका वस्तूत ठेवलेला आहे, त्यामुळे शरीर नष्ट झालं तरी तो परत उभा राहतो. नायक त्याला जादूच्या दारात फेकून त्याचा चुराडा करतो, आणि झायकॉन नवं शरीर घेऊन येतो. हरण्याची किंमतच मोजावी लागत नसेल तर शिकणार कोण? पण खरी गोम पुढे आहे. आत्मा असलेली ती वस्तू त्याचा साथीदार रेडक्लोक, हा गॉब्लिन नावाच्या राक्षसी जमातीतला पुरोहित, आपल्या गळ्यात घालून फिरतो, आणि झायकॉन त्याच रेडक्लोकचा उठता-बसता पाणउतारा करतो. पुढे ती वस्तू शहराच्या गटारांत हरवते. रेडक्लोकला ती सापडते. तो हुबेहूब नक्कल करून झायकॉनच्या हातात देतो आणि अस्सल स्वतःपाशी ठेवतो. वाचकाला हे ठाऊक, झायकॉनला नाही. तो विनोदी आहे, चटकन कंटाळतो, तपशिलांचा त्याला तिटकारा; तरीही समोर आला की कोणाचं तरी मरण ठरलेलं. ताकद आणि हलगर्जीपणा एकाच वेळी खरे वाटतात, कारण त्याला नेहमी ताकदीनेच तारलेलं आहे.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. सर्वांत मोठा घोटाळा म्हणजे खलनायकाच्या चुकीनेच लढाई जिंकली जाणं. चुकीने फक्त फट पडावी. त्या फटीतून आत शिरायला नायकाला काहीतरी गमवावं लागलं पाहिजे. याची चाचणी सोपी आहे: नायकाच्या जागी कुणी साधा शिपाई ठेवा. तोही जिंकत असेल तर प्रसंग परत लिहा. आमच्या उदाहरणात चोरवाट सापडते, पण पकडलेल्या शिपायांवर विश्वास ठेवायचा की नाही हा निर्णय नायकाला घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर सगळी टोळी कापली जाते.

दुसरी गडबड: विनोदासाठी त्याला इतकं हास्यास्पद करायचं की धाक उरत नाही. विनोद त्याने करावा, त्याच्यावर सारखा होऊ नये. सलग तीन पानं तो हास्यास्पद ठरला असेल तर चौथ्या पानावर कुणाचं तरी खरं नुकसान झालंच पाहिजे.

आणि सावध करणारं पात्र. सबनीस नेहमी बरोबर असेल तर वाचकाला दिसतं की तो लेखकाचा भोंगा आहे. त्याला निदान एकदा चुकू द्या. पहिल्या पानांत त्याने “दारूगोळा पुरणार नाही” म्हणावं आणि तो पुरावा. मग ज्वालकेतूने पुढचा इशारा झटकणं पटतं.

पडल्यावर तो परत येणार असेल तर तीच चूक पुन्हा करवू नका, आणि एकदम शहाणाही करू नका. आधीची चूक तो चुकीच्या पद्धतीने दुरुस्त करतो. पुढच्या किल्ल्यावर ज्वालकेतू टाक्यावर दगडी छत घालतो, दिवसरात्र पहारा ठेवतो आणि त्यासाठी अंबारखान्यावरची, म्हणजे धान्याच्या कोठारावरची, माणसं काढून घेतो.

वेबकॉमिकची खास अडचण अशी की सव्विसावं पान काढताना चौथं कधीच लोकांपर्यंत पोचलेलं असतं. मागे जाऊन टाकं काढता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या पानांत एकाऐवजी तीन बीजं पेरा: उघडं टाकं, वहीत बसत नसलेली पगाराची रक्कम, बंद पडलेला पश्चिमेचा दिंडी दरवाजा. एक वापराल, दोन पडून राहतील. पडून राहिलेलं बीज वाचकाला तपशील वाटतो. प्रकाशनाच्या आधी किमान नऊ पानं तयार ठेवा, म्हणजे हुकूम आणि घोड्यांचा नकार या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात असतानाच जुळवता येतील. वाचकांनी टाक्याचा अंदाज नवव्याच पानावर बांधला तरी कथा बदलू नका. अंदाज बांधता आला याचा अर्थ कारण पानावर नीट मांडलेलं आहे.