झाडाबुडची फरशी वळवाआधी उचला

गेल्या वैशाखात जुळे सोलापुरातल्या एका अंगणातला तीसेक वर्षांचा कडुनिंब वळवाच्या वाऱ्यात आडवा झाला. बघायला गेलो, तर मुळांचा गड्डा जेमतेम बैलगाडीच्या चाकाएवढा. एका बाजूची जाड मुळं पेव्हर ब्लॉक बसवताना पहारीनं तोडलेली. टोकं काळी पडून भुसभुशीत झालेली. मालक म्हणाले, "अण्णा, झाड तर हिरवंगार होतं की." होतं, एका बाजूनं.

पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याबाहेरही जातात. आपल्याकडं मुरूम लवकर लागतो, मग ती आणखीच आडवी धावतात. वर कोबा केला की ना हवा, ना पाणी. त्यात पारा ४३ वर. पाडव्याच्या सुमारास कडुनिंबाला पालवी फुटते. जी बाजू मागं राहिली, तिकडची मुळं कोब्याखाली गुदमरलीत, असा माझा ठोकताळा.

म्हणून पहिला वळीव यायच्या आत खोडाभोवती निदान ४ फूट फरशी उचला. छिन्नी-हातोड्यानं, जेसीबी नको. माती खुरप्यानं वरवर हलवा, खणू नका. वर ३-४ इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट टाका, पण खोडाला टेकू देऊ नका. भर दुपारी सावलीची कड पडते तिथं आळं करा. नळाला रोज पाणी नाही, मान्य. तरी रोज बादलीभर शिंपडण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा ३००-४०० लिटर सावकाश मुरवा. हा आकडा माझ्या अनुभवाचा, पुस्तकातला नव्हे.

दुकानदार 'मुळांचं टॉनिक' गळ्यात मारेल. कोब्यावर ओतलेलं टॉनिक गटारीत जातं. तेवढ्या पैशात बिगारी लावा, फरशी उकलून घ्या.

बाकीची कामं:
- वाळक्या फांद्या काढा. कापावर बोर्डो पेस्ट: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर, प्लास्टिकच्या बादलीत कालवा.
- खोडकिडीच्या छिद्रात तार घालून अळी काढा, रॉकेलचा बोळा, वर चिखल.
- खोडाला आवळलेली तार, खिळे काढा.
- झाड तोडायचंच असेल, तर आधी महापालिकेची परवानगी.

आणि झाड नव्यानं कललेलं दिसलं, तर बुंध्याजवळची जमीन बघा. काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा सगळीकडं असतात. पण खोडाभोवती विळ्यासारखी अर्धगोल भेग आणि तिथली माती फुगलेली असेल, तर मूळ सुटलंय. त्याखाली गाडी लावू नका, रात्री खाट तर नकोच. त्याच दिवशी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा.