प्रेस आणि पार्टीच्या ऑफिसमध्ये वायरलेस लिंक कशी टाकायची

तुमची रोजची पार्टी, म्हणजे छपाईचं गिऱ्हाईक, डिझाईन स्टुडिओ म्हणा किंवा क्लासवाले, तुमच्या छापखान्यापासून किलोमीटरभरात असेल तर पेनड्राईव्ह घेऊन पोरगा पळवण्यापेक्षा सरळ छतावरून छतावर लिंक टाका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलेलं आर्टवर्क दाबलं जातं आणि छापल्यावर फाटतं, म्हणजे ठिपके ठिपके दिसतं, आणि मोबाईलवर १० एमबीपीएस अपलोड मिळाला तरी १ जीबीची फाईल चढायला तेरा-चौदा मिनिटं जातात.

आधी छतावर जा. समोरचं छत नुसतं दिसून भागत नाही, १ किमीच्या लिंकला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर सरळ रेषेच्या चहूबाजूंनी दोन-सव्वादोन मीटर मोकळं लागतं. झाडं नीट बघा! मार्चमध्ये गुलमोहर बोडका असतो तेव्हा लिंक मस्त चालते, मग जून-जुलैत पालवी भरली आणि पानं भिजली की सिग्नल पडतो, म्हणून अँटेनाचा पाईप पहिल्यापासूनच उंच लावा.

आउटडोअर सीपीईची, म्हणजे छतावर लावायच्या वायरलेस डब्यांची, जोडी घ्या, गिगाबिट पोर्टवालीच, कारण पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असून काही उपयोग नाही. सेटिंगमध्ये एक बाजू ॲक्सेस पॉइंट (लिंक देणारा), दुसरी क्लायंट (त्याला जोडला जाणारा), कंट्री इंडिया. ५.८ च्या बँडला ठरलेल्या पॉवरच्या आत लायसन्स लागत नाही. मग एकाने फोनवर सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) सांगायचा आणि दुसऱ्याने डबा हळूहळू फिरवायचा, उणे ५० ते उणे ६५ च्या मधे आला की क्लॅम्प आवळा. केबल डब्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी आत उतरत नाही, आणि अर्थिंग टाळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पार्टीचं नेटवर्क तुमच्या रिप (फाईलचे छपाईचे ठिपके करणारं सॉफ्टवेअर) आणि सीटीपीच्या (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणारं मशीन) कॉम्प्युटरला डायरेक्ट जोडू नका, कधीच नाही, त्यांच्याकडचा एक व्हायरस आला की प्लेट निघणं बंद आणि मशीन उभं. मधे नॅस (नेटवर्कला जोडलेला फाईली साठवायचा डबा) ठेवा, वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच वायरिंगवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), आणि प्रत्येक पार्टीला फक्त स्वतःचा फोल्डर दिसेल असा पासवर्ड द्या. त्यात ‘आलेलं’ आणि ‘प्रूफ’ असे दोन भाग करा. पार्टीने ‘आलेलं’मध्ये पीडीएफ टाकायची, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी बाहेर वाढवलेलं डिझाईन), फॉन्ट एम्बेड केलेले (फाईलमध्येच घातलेले), नाहीतर मराठी मजकुराची काना-मात्रा हमखास उडते. तुम्ही रिप करून प्रूफ परत टाकायचं आणि पार्टीचा ओके लेखी आल्याशिवाय प्लेट काढायची नाही.

या लिंकवरून इंटरनेट मात्र विकू नका, त्याला आयएसपीचं (इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं) लायसन्स लागतं.