एमएसचा थकवा आणि 'जागं ठेवणारी' गोळी : या चुका टाळा

आठ तास झोप झाली, दात घासले, आंघोळ उरकली आणि टॉवेल वाळत घालेपर्यंत हातपाय गळून गेले. डोळ्यांवर झोप मात्र अजिबात नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब करणारा आजार. त्याचा थकवा बऱ्याचदा असा असतो. मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल या गोळ्यांचं काम वेगळं आहे. त्या पेंग उडवतात. थकवा आणि पेंग यांची गल्लत झाली की खालच्या निम्म्या चुका आपोआप घडतात.

पेंग मोजलीच नाही

मोडाफिनिलला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली ती नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी. एमएसच्या थकव्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट ती स्वतःच्या अंदाजाने, त्या मान्यतेच्या पलीकडे जाऊन लिहून देतात. त्यात गैर काही नाही, पण अपेक्षा बेतानेच ठेवाव्यात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत एमएसच्या १४१ रुग्णांना अमँटाडीन, मोडाफिनिल, मिथिलफेनिडेट आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी असं सगळं आळीपाळीने दिलं गेलं. थकव्याच्या गुणांकनात तिन्ही औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. गंमत म्हणजे खोट्या गोळीवरही गुण सरासरी दहाच्या आसपास उतरले. त्यामुळे 'पहिल्या आठवड्यात एकदम तरतरी आली' एवढ्यावरून गोळी लागू पडली असं समजू नये.

गोळी सुरू करण्याआधी पेंग मोजणारी एपवर्थ प्रश्नावली भरा. त्यात आठ प्रसंग असतात : वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, गाडीत तासभर नुसतं बसल्यावर, असे. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण. एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली तर पेंग खरोखरच जास्त आहे आणि या गोळीकडून काही मिळण्याची आशा धरता येते. बेरीज ४-५ असेल आणि तरीही जिना चढवत नसेल, तर गोळी तुम्हाला टक्क जागं ठेवेल आणि तुम्ही टक्क जागे राहून थकलेले असाल. थकव्यासाठी एमएफआयएस ही २१ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे. तिचे गुण ० ते ८४, आणि ३८ किंवा त्यावरचा आकडा लक्षणीय धरतात. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. चार आठवड्यांनी पुन्हा भरा. तेवढ्यात आकडा हलला नसेल तर गोळी चालू ठेवण्याला कारण उरत नाही.

'एमएसच आहे, म्हणून थकवा' असं धरून चालणं

ही सर्वांत महाग चूक, कारण थकवा घालवता आला असता तो इथेच निसटतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, साखर, सोडियम, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या आधी करून घ्या. बायकांमध्ये लोहाची कमतरता आपल्याकडे इतकी सर्रास आहे की फेरिटिन न बघता मोडाफिनिल लिहिणं म्हणजे टाकीत पाणी आहे का ते न बघता मोटर बदलणं. एमएसवरच्या उपचारांपैकी अलेम्टुझुमॅब आणि इंटरफेरॉन यांनी थायरॉइड बिघडू शकतं. इंटरफेरॉनचं इंजेक्शन सकाळी घेतलं तर फ्लूसारखी कणकण दिवसभर पुरते. ते रात्री झोपताना, डॉक्टरांनी सांगितलेल्या पॅरासिटामॉलसोबत घेतलं तर बराचसा त्रास झोपेत निघून जातो.

मग औषधांची यादी बघा. पायांच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन, जळजळीसाठी प्रेगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलीन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन : या सगळ्यांनी झापड येते. एक गोळी झोपवते म्हणून दुसरी जागं ठेवायला घ्यायची, हा उफराटा हिशोब आहे. दिवसाचा डोस रात्रीकडे सरकवता येईल का, मात्रा कमी करता येईल का, हे आधी विचारा. मनाने स्वतःच बंद करू नका. बॅक्लोफेन एकदम सोडलं तर झटके किंवा भ्रम होण्याचा धोका असतो.

तिसरी जागा म्हणजे रात्र. लघवीला तीन-चार वेळा उठावं लागतं का? पाय आखडून जाग येते का? घोरता का, मध्येच श्वास अडकतो असं घरचे सांगतात का? घोरणं असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. झोपेतला श्वासाचा अडथळा तसाच ठेवून सकाळी मोडाफिनिल घेतली तर दिवस निभेल, पण रक्तदाब आणि हृदयावरचा ताण तसाच राहील. उदासीनतेबद्दलही मोकळेपणाने बोला. एमएसमध्ये ती वारंवार येते, तिचा थकवा आजाराच्या थकव्यासारखाच दिसतो आणि तिच्यावरचा उपचार निराळा आहे.

बी-१२ च्या इंजेक्शनांचा कोर्स मात्र, पातळी कमी नसेल तर, घेऊ नका. 'ताकदीचं इंजेक्शन' हे आपल्याकडचं लाडकं औषध, पण उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना एमएसच्या थकव्यासाठी ते देऊ नये असं स्पष्ट सांगतात.

दुपारची गोळी, रात्रीचं जागरण

मोडाफिनिल रक्तात निम्मी व्हायला साधारण १५ तास लागतात. दुपारी चार वाजता २०० मिलिग्रॅम घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अजून १०० मिलिग्रॅमच्या परिणामाइतकं औषध अंगात असतं. त्या रात्री झोप लागली तरी उथळ लागते, सकाळी थकवा दुप्पट होतो, मग अर्धी गोळी जास्त घेतली जाते. चार दिवसांत हे चक्र पक्कं होतं, आणि रुग्णाला वाटतं गोळी 'सवयीची' झाली म्हणून पुरत नाही.

सुरुवात सहसा सकाळी १०० मिलिग्रॅमने होते. शरीर नाजूक असेल तर ५० ने. उठल्याउठल्या, सात-आठच्या सुमाराला घ्या. परिणाम शिगेला पोचायला दोन ते चार तास लागतात. पोटभर पोह्यांवर घेतली तर आणखी तासभर उशीर होतो, एकूण मात्रा मात्र तेवढीच शोषली जाते. डॉक्टरांनी दोन भाग करून दिले असतील तर दुसरा भाग दुपारी बाराच्या आत. सकाळची गोळी विसरलात आणि दुपारी एकला आठवण झाली? त्या दिवशी सोडून द्या. आर्मोडाफिनिलचा परिणाम दिवसाच्या उत्तरार्धात जास्त टिकतो. तिची ताकद वेगळी असते, १५० मिलिग्रॅमची गोळी मोडाफिनिलच्या २०० च्या जागी दिली जाते, म्हणून मेडिकलवाल्याने 'तीच आहे, घ्या' म्हटलं तरी नाव आणि आकडा दोन्ही तपासा.

पुरत नाही म्हणून वाढवणं

२००२ च्या ७२ रुग्णांवरच्या अभ्यासात २०० मिलिग्रॅमवर थकवा उतरला, ४०० वर उतरला नाही. वाढतात ते त्रास : डोकेदुखी, छातीत धडधड, अस्वस्थपणा, भूक मरणं. पहिल्या आठवड्यातल्या डोकेदुखीचं कारण पुष्कळदा साधं असतं. लघवीची घाई होते म्हणून एमएसचे रुग्ण मुळात पाणी कमी पितात, त्यात गोळीने भूक आणि तहान दोन्ही विसरायला होतं, आणि वर चहाचे चार कप सुरूच असतात. सकाळी दोन ग्लास पाणी, नाश्ता चुकवायचा नाही, चहा दोन कपांवर. तरी डोकं दुखलं तर डॉक्टरांना विचारून मात्रा निम्मी करा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा रक्तदाब आणि नाडी मोजून लिहा.

अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्वचेची जिवावर बेतणारी प्रतिक्रिया दुर्मीळ आहे, पण ती अशीच सुरू होते. संशय येणं, आवाज ऐकू येणं, विनाकारण चिडणं हे घरच्यांच्या लक्षात आधी येतं, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या औषधांची टक्कर

एमएस तरुण बायकांना जास्त होतो आणि नेमकी त्यांच्यापुढची गोष्ट चिठ्ठीवर लिहिलेली नसते : मोडाफिनिलने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. माला-एन घ्या किंवा महागडा ब्रँड, दोन्हीची तीच गत. तातडीची गोळीही भरवशाची राहत नाही. कॉपर-टी किंवा कंडोम वापरा, आणि मोडाफिनिल बंद केल्यावरही अमेरिकेतल्या माहितीपत्रकानुसार एक महिना, ब्रिटनमधल्या सल्ल्यानुसार दोन महिने. दोन धरा. गर्भात व्यंग येण्याच्या शक्यतेमुळे २०२० साली ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी गरोदरपणात ती न वापरण्याचा इशारा दिला. मूल हवं असेल तर हा विषय आधी काढा.

चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या कळांसाठी कार्बामाझेपिन चालू असेल तर मोडाफिनिल रक्तातून लवकर निघून जाते. 'एक गोळी घेऊन काहीच झालं नाही' याचं उत्तर कधी कधी इथे असतं. शिवाय कार्बामाझेपिन स्वतः झापड आणते आणि सोडियम उतरवते. उलट दिशेने, फेनिटॉइन, डायझेपाम आणि एस्सिटालोप्राम यांची पातळी मोडाफिनिलमुळे चढू शकते, क्लोपिडोग्रेलचा असर घटू शकतो, वॉर्फरिन घेणाऱ्यांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचा आकडा, अधिक वेळा तपासावा लागतो. एमएसवरचं सिपोनिमॉड घेत असाल तर न्यूरॉलॉजिस्टला मोडाफिनिलचं नाव सांगितल्याशिवाय सुरू करू नका. रुग्णाच्या जनुकप्रकारानुसार ही जोडी टाळावी लागते. रिलॅप्ससाठी, म्हणजे आजार पुन्हा उसळल्यावर, स्टेरॉइडचं सलाईन चालू आहे त्या तीन-पाच दिवसांत झोप आधीच उडालेली असते, त्यात ही गोळी मिसळू नका.

थकव्यासाठी दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या गोळीबद्दल, अमँटाडीनबद्दल, थोडक्यात : १०० मिलिग्रॅम सकाळी, दुसरी दुपारी दोनच्या आत. ती मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून रक्तातलं क्रिॲटिनिन (किडनीची तपासणी) बघूनच. घोट्यांना सूज, पायांवर जाळीसारखे जांभळट डाग, रात्री भास होणं ही तिची खूण. लघवीच्या ऑक्सिब्युटिनिन-सोलिफेनासिनसोबत घेतली तर तोंड कोरडं, पोट कडक आणि लघवी अडकणं यात भर पडते. ती एकदम थांबवायची नसते.

उन्हातला थकवा गोळीने जात नाही

एमएसमध्ये शरीराचं तापमान थोडं जरी वाढलं तरी खराब झालेल्या मज्जातंतूंतून संदेश अडखळत जातात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात अकरा वाजता येणारी गळाठ बरेचदा हीच असते. त्यावर मोडाफिनिल वाढवून उपयोग नाही. मानेवर-मनगटांवर गार पाणी, बर्फाच्या गार पाण्याचा घोट, व्यायाम सूर्योदयाआधी, बँकेची कामं सकाळी दहाच्या आत. आंघोळीचं पाणी कोमट. कढत पाण्याची आंघोळ करून सकाळ घालवणारे रुग्ण खूप.

गोळी लागू पडली तर वेगळीच चूक होते. तरतरी आली म्हणून तुंबलेली सगळी कामं, माळा आवरणं, पाहुण्यांचा स्वयंपाक, एकाच दिवशी उरकली जातात, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. गोळी असो वा नसो, तासाभराच्या कामामागे दहा-पंधरा मिनिटं आडवं व्हायचंच. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ३४३ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत फोनवरून दिलेलं वर्तनोपचाराचं समुपदेशन, मोडाफिनिल आणि दोन्ही एकत्र, या तिन्ही गटांत बारा आठवड्यांनी थकवा सारखाच उतरला. झोपेच्या सवयी बिघडलेल्यांना समुपदेशनाचा लाभ जास्त झाला. गोळी सोसत नसेल त्यांच्यासाठी हा खरा पर्याय आहे.

अमेरिकेतल्या मुलीला किंवा भावाला इथून गोळ्यांच्या पट्ट्या कुरियरने पाठवू नका. तिथे मोडाफिनिल शेड्यूल चारमधलं नियंत्रित औषध आहे आणि पार्सल कस्टममध्ये अडकतं. स्वतः जाताना मूळ पट्ट्या आणि डॉक्टरांची नावासह चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा.

गोळी चालू असताना थकवा अचानक वाढला तर

आधी थर्मामीटर. मग लघवी : जळजळ, वास, वारंवारता. एमएसमध्ये लघवीचं इन्फेक्शन कित्येकदा जळजळीशिवाय नुसत्या गळाठ्याने कळतं, म्हणून लघवीची रुटीन आणि कल्चर (जंतूंची) तपासणी करून घ्या. नवी बधिरता, दृष्टी धूसर होणं, पाय ओढणं हे २४ तासांपेक्षा जास्त टिकलं तर रिलॅप्सची शंका, न्यूरॉलॉजिस्टला फोन. यांपैकी काही नसेल तर मागच्या आठवड्यात कोणतं औषध बदललं ते वहीत शोधा. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर मोडाफिनिलची मात्रा होती तीच ठेवा.