मोटारसायकलच्या रंगावरचे बारीक ओरखडे कसे काढावेत

जाकिटाची चेन टाकीला घासते, किल्लीचा जुडगा हलत राहतो, कुणीतरी सीटवरून बॅग ओढून काढतं. पण सगळ्यात जास्त चरे पडतात ते रोज सकाळी धुळीवरूनच मारलेल्या कोरड्या फडक्याने. उन्हात गाडी उभी केली की टाकीवर बारीक गोल रेषांचं जे जाळं चमकतं, ते बहुतेक त्या फडक्याचंच काम.

पॉलिशने ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून आपण तो ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतो, म्हणून तो दिसेनासा होतो. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. घासलेला थर परत येत नाही. म्हणून सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य उपायाने करायची आणि निभावलं की तिथेच थांबायचं.

आधी पारख करा. जागा ओली करा. ओलेपणी ओरखडा दिसेनासा झाला तर तो वरच्या थरातच आहे. मग नखाचं टोक त्यावरून आडवं हलकेच फिरवा. नख अडकलं नाही तर हाताने काम होईल. अडकलं, किंवा आत प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), पत्रा, प्लॅस्टिक दिसलं, तर घासण्यात अर्थ नाही. तिथे टच-अपचा रंगच लागतो. कधी कधी तो ओरखडा नसतोच, दुसऱ्या कशाचा तरी रंग किंवा रबर वर चिकटलेलं असतं आणि जराशा पॉलिशने निघून जातं. मॅट रंगाची गाडी असेल तर मात्र पॉलिशचं नावच काढू नका. घासलेली जागा चकाकायला लागते आणि तो डाग कायमचा राहतो.

गाडी सावलीत लावा, टाकी थंड होऊ द्या. भरपूर पाण्याने धूळ वाहू द्या, मग शाम्पूने धुऊन मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्या. इथे घाई केली तर मागे राहिलेला एखादा वाळूचा कणच नवे चरे पाडतो.

आता मास्किंग टेप. टाकीच्या कडा, उठावदार रेषा, वरून लावलेले स्टिकर आणि काळे खरबरीत प्लॅस्टिक झाकून घ्या. कडांवर रंगाचा थर पातळ असतो, तिथे तो लवकर उडतो. खरबरीत प्लॅस्टिकमध्ये पॉलिश किंवा कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट) शिरलं की पांढरे डाग काढता काढता नाकी नऊ येतात.

एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी करून बघा. फोमच्या पॅडवर बारीक कणांचं पॉलिश हरभऱ्याएवढं घ्या. रबिंग कंपाउंड अजून बाजूलाच असू द्या. बोटाच्या टोकाने दाबू नका, दाब एकाच जागी पडतो. पॅडवर बोटं सपाट ठेवून तळहाताएवढ्या भागात आधी उभे, मग आडवे हात फिरवा. पॉलिश वाळायच्या आत पुसा. पॅडवर गाडीचा रंग उतरला तर त्या रंगावर क्लिअर कोट नाही असं समजा आणि हात आणखी हलका ठेवा.

लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून तो झाकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं मिसळून ती जागा पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा. दोन-तीन फेऱ्यांनंतरही रेघ तशीच असेल तर कंपाउंड वापरा, पण त्यानंतर पुन्हा पॉलिश हवंच, नाहीतर कंपाउंडचाच धुरकटपणा राहतो.

३००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर, ओला करून मारणं हा शेवटचा उपाय. पाणी दुधाळ झालं तर क्लिअर कोट घासला जातोय. पाण्यात गाडीचा रंग दिसला तर त्या क्षणी थांबा. माझं मत विचाराल तर टॉर्चशिवाय न दिसणारी रेघ राहू द्यावी, त्यासाठी पेपर हातात घेऊ नये. टूथपेस्टचा उपाय खूप सांगितला जातो. तीही घासतेच, पण तिचे कण रंगासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे भरवसा नाही. ड्रिलला बफ लावून फिरवणं त्याहून वाईट. प्लॅस्टिकचे पॅनेल पटकन तापतात आणि रंग जळतो.

शेवटी टेप काढून वॅक्सचा अगदी पातळ हात द्या, ते धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्या. नव्याने रंगवलेल्या भागाला वॅक्स कधी लावायचं ते रंगवणाऱ्यालाच विचारा. कापडं साध्या साबणाने वेगळी धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर नको. आणि जमिनीवर पडलेलं कापड झटकून परत टाकीला लावू नका, ते आता चेन पुसायला ठेवा.