यकृताचं हलतं फँटम बनवताना: बेळगावच्या प्रोजेक्टवाल्या मुलामुलींसाठी

सीटी किंवा सोनोग्राफीच्या प्रतिमेवर बघत यकृतातल्या गाठीत सुई घालायची, तर ती नेमकी कुठे पोचली हे जिवंत पोटात मोजता येत नाही. मोजता यावं म्हणून फँटम बनवतात, म्हणजे पेटीत ओतलेली यकृतासारखी जेली आणि तिला श्वासासारखं हलवणारं यंत्र. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं शेवटच्या वर्षाला असा विषय घेतात आणि पहिले दोन महिने आकार हुबेहूब करण्यात घालवतात. आकार नंतरही सुधारता येतो. गाठ पेटीच्या कोपऱ्यापासून किती मिलिमीटरवर आहे हे मात्र जेली ओतण्याआधीच ठाऊक हवं, नाहीतर पुढच्या एकाही मोजमापाला अर्थ राहत नाही.

म्हणून सुरुवात पेटीपासून करा. ६ मिमी ॲक्रिलिकची, आतून साधारण १५० × १२० × ८० मिमीची पेटी पुरते. समोरासमोरच्या भिंतींना भोकं पाडायची ती हातड्रिलने नको, उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, पाडून घ्या. दोन्ही भिंती एकावर एक ठेवून एकाच सेटिंगमध्ये भोकं पाडली की ती समोरासमोर येतात. त्यांतून मासे धरायची नायलॉन दोरी ताणून बांधा आणि तिच्यावर २ मिमीचे काचेचे मणी चिकटवा. गाठीच्या जागी असलेले हेच तुमचे लक्ष्यबिंदू. स्टीलचे छर्रे स्वस्त मिळतात, पण सीटीत त्यांच्याभोवती पांढरे पट्टे उमटतात आणि मध्यबिंदू सापडत नाही. यकृताच्या आकाराचा साचा थ्रीडी प्रिंट करायचा असेल तर एकदा एखाद्या पॅटर्नमेकरला, म्हणजे फौंड्रीसाठी साचे घडवणाऱ्याला, दाखवून घ्या. फौंड्रीतल्या माणसाला ड्राफ्ट (भिंतींचा उतार) आणि पार्टिंग लाइन (साच्याचे भाग जुळतात ती रेषा) नजरेनेच कळते, आणि जेली साच्यातून न फाटता निघण्यासाठी लागतं तेही हेच.

जेलीसाठी सिलिकॉन टिकाऊ असतं, पण सोनोग्राफीला चालत नाही. मशीन आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरून अंतर काढतं, सिलिकॉनमध्ये तो साधारण १००० असतो. त्यामुळे ४० मिमी खोलीवरचा मणी पडद्यावर ६० मिमीच्या आसपास दिसतो. जिलेटिन ओतायला सोपं, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी ते मऊ पडतं आणि मणी जागचे सरकतात. अगर, म्हणजे किराणा दुकानातलं चायना ग्रास, घ्या. ते ८५ अंशांच्या आसपास वितळतं आणि ४० च्या खाली आल्यावरच घट्ट होतं, उन्हाळ्याचं भय नाही. एक किलो मिश्रणाला ८४० ग्रॅम उकळून गार केलेलं पाणी, ११० ग्रॅम ग्लिसरीन, ३० ग्रॅम अगर, १० ग्रॅम बारीक दळलेलं इसबगोल आणि चमचाभर सोडियम बेंझोएट. ग्लिसरीनमुळे आवाजाचा वेग १५४० जवळ येतो. इसबगोलामुळे प्रतिमेत यकृतासारखा करडा कण दिसतो, ते नसेल तर सगळं काळं. इसबगोल थेट पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात, आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या.

मिश्रण ढवळत ९० अंशांपर्यंत न्या, मग हळूहळू गार करा. ५० अंशांना ओता. गरमच ओतलं तर थ्रीडी प्रिंट केलेला पीएलएचा साचा वाकतो, कारण हे प्लास्टिक ६० अंशांनाच मऊ पडतं. फार गार केलं तर गुठळ्या होतात. भांडं पेटीच्या भिंतीला टेकवून धार सोडा, वरून धो धो ओतलं की बुडबुडे अडकतात आणि सोनोग्राफीत प्रत्येक बुडबुड्यामागे सावली पडते. सगळं एका दमात ओता. पहिला थर गार झाल्यावर दुसरा ओतला तर सांधा पांढऱ्या रेषेसारखा दिसतो, आणि बघणाऱ्याला ती रक्तवाहिनीची भिंत वाटते.

आता हालचाल. शांत श्वासात यकृत डोक्याकडून पायाकडे साधारण १० ते २० मिमी सरकतं, मिनिटाला १२ ते २० वेळा. सोपा मार्ग एक्सेंट्रिकचा, म्हणजे मध्यापासून बाजूला बसवलेल्या फिरत्या चकतीचा. टर्नरला सांगताना इथे हमखास घोळ होतो: १५ मिमी हालचाल हवी तर ऑफसेट (मध्यापासूनचं अंतर) ७.५ मिमी. १५ सांगितलात तर पेटी ३० मिमी धावेल. शिवाय एक्सेंट्रिकची लय दोन्ही टोकांना सारखीच असते. माणूस श्वास सोडल्यावर थोडा थांबतो, आणि सर्जन सुई पुढे सारतो ती बहुधा त्याच क्षणी. म्हणून ठरावीक पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर बरी. नेमा १७ मापाची मोटर, ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा) स्क्रू, अर्डुइनो हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि मोटरला वीज देणारा ए४९८८ ड्रायव्हर. एका फेऱ्याला २०० स्टेप, म्हणजे एका स्टेपला ०.०४ मिमी. सरक = A × cos⁴(πt/T) हे सूत्र वापरा, A म्हणजे एकूण हालचाल १५ मिमी, T म्हणजे एका श्वासाचा वेळ ४ सेकंद आणि t म्हणजे चालू क्षण. सर्वाधिक वेग सेकंदाला साधारण १५ मिमी येतो, म्हणजे मिनिटाला ११५ फेरे. मोटर तेवढं आरामात देते.

ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर तिथेच जळतो. स्क्रू-नटमधली ढिलाई म्हणजे बॅकलॅश, ती कमी करायला स्प्रिंगवालं अँटी-बॅकलॅश नट घ्या. ०.०१ मिमीचा डायल गेज लावून एकाच जागी दोन्ही बाजूंनी येऊन बघा, दोन वाचनांतला फरक म्हणजे तुमचा बॅकलॅश. शंभर श्वास चालवून मूळ जागेचं वाचन पुन्हा घ्या. स्टेप चुकत असतील तर इथे पकडल्या जातात. सुईची जागा चुंबकीय क्षेत्राने ओळखणारा इलेक्ट्रोमॅग्नेटिक ट्रॅकर वापरणार असाल तर मोटर पेटीपासून अर्धा मीटर तरी लांब ठेवा, मधे ॲक्रिलिकचा दांडा आणि नायलॉनचे स्क्रू. जवळच्या लोखंडाने चुकीची वाचनं येतात, आणि ती पाहिल्यावर चुकीची वाटतही नाहीत.

सीटी करून घेताना टेक्निशियनला १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस मागा. पेटी गळत नाही याची रात्रभर खात्री करूनच रुग्णालयात न्या. प्रतिमा थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

रजिस्ट्रेशनला, म्हणजे खूणबिंदू वापरून प्रतिमा आणि खरी पेटी एकमेकांशी जुळवायला, तीन बिंदू पुरतात असं पुस्तकात असतं. पेटीच्या बाहेरच्या बाजूने सहा-सात तरी लावा, एका रेषेत नाही आणि सममितही नाही. आतले मणी त्यात कधीच धरू नका, ते अचूकता तपासायला राखलेले आहेत. सॉफ्टवेअर बाहेरच्या बिंदूंची चूक ०.४ मिमी दाखवतं आणि मुलं तीच अचूकता म्हणून अहवालात लिहितात. संशोधक फिट्झपॅट्रिक यांनी २००९ साली दाखवून दिलं की बिंदूंवरची चूक आणि लक्ष्यावरची चूक यांचा परस्परसंबंध नसतो. लक्ष्यावरची चूक वेगळी मोजावीच लागते.

ती मोजायची अशी: सुईचं टोक कापडाच्या निळ्या शाईत बुडवा, प्रतिमेवर बघत मण्याकडे न्या, काढा. मग जेली सुईच्या वाटेने कापा. सुरीने कापलं तर जेली ओढली जाते आणि निळी रेघ सरकते, म्हणून ताणलेल्या नायलॉन दोरीने कापा. निळ्या रेघेच्या टोकापासून मण्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने घ्या. एका पेटीत मणी पाच असतील तर पाचही वाटा आधी करा, कापणं सगळ्यात शेवटी.