रोटरीला दोष देण्याआधी या चुका टाळा

जॉब, म्हणजे मशीनवर कापायचा भाग, रिजेक्ट झाला की कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून कागलच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत पहिलं वाक्य एकच ऐकू येतं, “रोटरीत प्ले आलाय,” म्हणजे जॉब धरून फिरवणारं रोटरी टेबल ढिलं झालंय. मग टेबल उतरतं, टेम्पोत बसतं, दुरुस्तीवाल्याकडून आठ-दहा दिवसांनी परत येतं आणि पहिल्याच बॅचला भोकं पुन्हा तितकीच सरकलेली निघतात. प्ले टेबलात नव्हताच. टेबल चढवताना जो पाऊण तास द्यायचा असतो, तो कुणी दिला नव्हता.

खालचं सगळं व्हीएमसीच्या (वरून कापणाऱ्या सीएनसी मिलिंग मशीनच्या) बेडवर उभ्या बसवलेल्या, एक्सला समांतर अक्षाभोवती फिरणाऱ्या टेबलाबद्दल, म्हणजे ए अक्षाबद्दल आहे. एक्स म्हणजे डावी-उजवीकडे, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली; आकडे मि.मी.मध्ये. जॉबही आपल्याकडचेच धरलेत: बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) आणि एस.जी.च्या (त्याच्याच चिवट प्रकाराच्या) व्हॉल्व्ह बॉडी, पंपाची केसिंगं, फ्लँज.

टेननवर विसंबून राहणं

टेबलाखालचे टेनन (तळाच्या चौकोनी किल्ल्या) बेडच्या टी-स्लॉट खाचांमध्ये बसले म्हणजे टेबल सरळ झालं, ही समजूत सोडा. टेनन स्लॉटमध्ये थोडे ढिलेच असतात. आधी बेडवरून ऑइल स्टोन फिरवून बर, म्हणजे उठलेले कंगोरे, काढायचे. मग टेस्ट बार धरून ३०० मि.मी. लांबीवर वरून आणि बाजूने डायल गेज फिरवायचा. ०.०१ च्या आत आलं की बोल्ट आवळायचे, आणि आवळून झाल्यावर डायल पुन्हा फिरवायचा. हे दुसऱ्यांदा बघणं नव्वद टक्के लोक गाळतात. बोल्ट आवळताना टेबल हलतं, हे त्यांना जॉब बिघडल्यावर कळतं.

सेंटर न काढता शून्य घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नेमप्लेटवर सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून फिरण्याच्या सेंटरची उंची, १३५ कोरलेली असते, सेटर तोच आकडा झेडमध्ये घालतो आणि मोकळा होतो. वायसाठी चकमधल्या जॉबला पुढून-मागून एज फाइंडर (कड शोधायचं साधन) लावतो आणि मधला आकडा घेतो. तीन जॉच्या चकमध्ये जॉब ०.०५ तरी बाहेर धावत असतो. म्हणजे त्याने जॉबचं सेंटर काढलं, टेबलाचं नाही.

एकाच बाजूचं काम असेल तर हे खपून जातं. पण ए शून्यला (टेबल ० अंशावर) ड्रिल मारून ए १८० ला समोरून बोअर केला की चूक दुप्पट होते. वाय ०.०५ ने चुकला असेल तर आत ०.१० ची पायरी दिसते. ऑपरेटर पायरी बघतो आणि निकाल देतो की टेबल पूर्ण फिरलं नाही. टेबल बरोबर १८० अंश फिरलेलं असतं. ते स्वतःच्या सेंटरभोवती फिरलं आणि प्रोग्रॅमचं सेंटर दुसरीकडे होतं, एवढाच काय तो घोळ.

सेंटर असं काढायचं. ग्राइंड केलेला ४० व्यासाचा बार चकमध्ये धरायचा. वर डायल लावून टेबल फिरवायचं आणि हलके ठोके देत रनआउट, म्हणजे फिरतानाचं डगमगणं, ०.०२ च्या आत आणायचा. अगदी शून्य करण्याचा हट्ट नको, कारण उरलेला रनआउट पुढच्या सरासरीत निघून जातो. ए शून्यला बारच्या पुढून आणि मागून एज फाइंडर लावायचा आणि वायची सरासरी लिहून ठेवायची. मग ए १८० ला टेबल फिरवून, एक्स न हलवता, तेच पुन्हा. दोन्ही सरासऱ्यांच्या मधला आकडा हे टेबलाचं खरं वाय सेंटर. झेडसाठी बारच्या माथ्यावर ए शून्यला आणि ए १८० ला स्पर्श घ्यायचा, दोन्हींची सरासरी काढायची आणि त्यातून बारची त्रिज्या, म्हणजे २०, वजा करायची. बार मायक्रोमीटरने मोजून घ्यायचा. “चाळीसचाच आहे” यावर विश्वास ठेवायचा नाही.

मग खात्री. भंगारातला तुकडा धरून ए शून्य आणि ए १८० ला सेंटरपासून १५ वर एकेक सपाट बाजू कापायची. जाडी ३०.०० यायला हवी. ३०.०६ आली तर झेडचं शून्य खऱ्या सेंटरच्या ०.०३ वर आहे, तेवढं खाली घ्यायचं. २९.९४ आली तर उलट. वायसाठी त्याच तुकड्यात एंडमिलने दोन्ही बाजूंनी, अर्ध्या-अर्ध्या खोलीपर्यंत एकच भोक घ्यायचं. मध्ये पायरी दिसली तर तिच्या निम्म्याने वाय हलवायचा. वीस मिनिटांचं काम आहे. ज्यांना वीस मिनिटं नसतात, त्यांना चाळीस जॉब पुन्हा करायला मात्र दोन दिवस सापडतात.

आलेले आकडे टेबलाच्या अंगावर मार्करने, तारखेसकट लिहून ठेवावेत. वही हरवते. पुढच्या वेळी आकडा ०.०२ पेक्षा जास्त बदलला तर बेडवर कचरा आहे किंवा टेबल कुठे तरी आपटलंय, हे लगेच लक्षात येतं.

ब्रेकला अडगळ समजणं

वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि त्यात अडकलेलं दातेरी वर्म व्हील टेबल फिरवतात. कापण्याचा धक्का झेलायचा तो हवेच्या दाबावर लागणाऱ्या ब्रेकने. इंडेक्सिंगच्या कामात टेबल जागेवर आलं की ब्रेक लागलाच पाहिजे, आणि टेबल फिरत असताना कापायचं असेल तर तो सुटलेलाच पाहिजे. बऱ्याच मशीनवर प्रोग्रॅममधल्या एम १० कोडने ब्रेक लागतो आणि एम ११ ने सुटतो. काही मशीन ते काम आपोआप करतात. एम कोड मशीन बनवणाऱ्याच्या मर्जीवर असतात, म्हणून शेजारच्या शेडमधला प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर आणून तसाच चालवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

शिरोलीतल्या एका शेडची ही गोष्ट, पण नाव बदलून गोकुळ शिरगावात सांगितली तरी खपेल. एस.जी.ची व्हॉल्व्ह बॉडी, चार बाजू, प्रत्येक बाजूला १७.५ चं ड्रिल आणि मग एम २० चा (२० मि.मी. आट्यांचा) टॅप. दर तासाला एक-दोनदा ब्रेक लागल्याची खूण मिळत नाही म्हणून अलार्म यायचा आणि मशीन थांबायचं. उत्पादन अडतंय म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने प्रेशर स्विचला जंपर मारला, म्हणजे तार जोडून स्विच वगळला. अलार्म बंद, सगळे खूश, इलेक्ट्रिशियनला चहा.

पहिले काही आठवडे काहीच दिसलं नाही. मग टॅप तुटायला लागले, तेही ठरावीक भोकांत: वायमध्ये सेंटरपासून ८० लांब असलेल्या. त्याचं कारण सरळ आहे. सेंटरच्या बरोबर वर ड्रिल दाबलं तर टेबलाला पीळ बसत नाही; ८० लांब दाबलं तर तेवढ्या हाताने टेबल पिळलं जातं. ब्रेक नीट लागलेला नसेल तर हा पीळ सरळ वर्म व्हीलच्या दातांवर जातो. टॅपचा ब्रँड बदलला, तेल बदललं, ऑपरेटर बदलला. भोकं ०.०८ ने सरकायला लागली तेव्हा कुठे फिटर आला. त्याने ए शून्यला प्ले बघितला आणि वर्म आवळला. शून्यला प्ले गेला आणि ४५ अंशांवरून जाताना सर्वो ओव्हरलोड. कारण झीज फक्त ०, ९०, १८० आणि २७० ला झाली होती, जिथे रोज मार बसत होता. मधले दात कोरेच होते. झिजलेल्या जागेवर आवळलेला वर्म कोऱ्या दातांवर अडकणारच. शेवटी वर्म आणि व्हील दोन्ही बदलावे लागले.

मूळ बिघाड काय होता? कॉम्प्रेसरपासून पंचवीस मीटर लांब, एका बारीक नळीवर टेबल आणि शेजारच्या मशीनची एअर गन दोन्ही होत्या. शेजारच्याने गन दाबली की प्रेशर साडेतीन बारवर उतरायचं. अलार्म खरं तेच सांगत होता. हेडरपासून (हवेच्या मुख्य पाइपपासून) टेबलाला वेगळी, जाड नळी, स्वतःचा एफआरएल (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर) आणि प्रेशर मॅन्युअलप्रमाणे (बऱ्याच छोट्या टेबलांना पाच-सहा बार), एवढ्यात काम झालं असतं. नव्या वर्म व्हीलपुढे तो खर्च किरकोळ.

म्हणून प्ले मोजायचाच तर नीट मोजा. फेसप्लेटवर पट्टी बांधून सेंटरपासून १०० मि.मी. वर डायल लावा. ब्रेक सोडून हाताने दोन्हीकडे दाबा. तिथे ०.०३ म्हणजे कोनाचं जवळपास १ मिनिट (अंशाचा साठावा भाग). असं दर ४५ अंशांवर, आठ ठिकाणी. सगळीकडे सारखा प्ले असेल तरच वर्म ॲडजस्ट करण्यात अर्थ आहे. मग ब्रेक लावून तेच करा. काटा हलला तर आधी हवा बघा, स्पॅनर नंतर.

भागाकार डोक्यात करणं

सात भोकांसाठी ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८५७. इन्क्रिमेंटलमध्ये (मागच्या जागेपासून पुढे मोजताना) कुणी ५१.४ लिहितो आणि सात वेळा फिरवतो. एकूण होतात ३५९.८ अंश. १५० व्यासावर शेवटच्या आणि पहिल्या भोकातलं अंतर साधारण ०.२ मि.मी.ने चुकतं. उपाय साधा आहे: जी ९० मध्ये प्रत्येक कोन शून्यापासून, तीन दशांश स्थळांपर्यंत लिहायचा. किंवा मॅक्रोत (प्रोग्रॅममधल्या सूत्रात) भागाकार मशीनच्या कंट्रोललाच करू द्यायचा, तो कंटाळत नाही.

आणि दशांश चिन्ह. बऱ्याच फानुक कंट्रोलवर ए ९० च्या पुढे टिंब नसेल तर तो ०.०९० अंश समजतो. टेबल हललेलं दिसत नाही, ऑपरेटर सायकल स्टार्ट पुन्हा दाबतो.

फीड मि.मी. समजून टाकणं

फक्त ए फिरत असेल तर जी ९४ मधला एफ, म्हणजे फीडचा वेग, हा अंश प्रति मिनिट असतो. एफ २०० दिला तर १०० व्यासावर कटरला मिळतात मिनिटाला साधारण १७५ मि.मी., २० व्यासावर फक्त ३५, आणि ३०० व्यासावर ५२४. २० व्यासावर टूल घासून जळतं, ३०० व्यासावर मोडतं. दोन्ही वेळा दोष इन्सर्टला (कटरच्या पात्याला). एक्स आणि ए एकत्र चालत असतील तर जी ९३ वापरा: एफ म्हणजे १ भागिले त्या हालचालीला लागणारी मिनिटं. तीन सेकंदांची हालचाल असेल तर एफ २०. तो प्रत्येक ओळीत लिहावा लागतो, म्हणून हे काम कॅम सॉफ्टवेअरवर सोडलेलं बरं.

टूल वर न घेता फिरवणं

१०० बाय १०० चा चौकोनी जॉब. वरचा फेस सेंटरपासून ५० वर आहे म्हणून टूल ५५ वर ठेवून इंडेक्स केलं. फिरताना कोपरा ७०.७ पर्यंत वर येतो. पुढचं सांगायला नको. इंडेक्सआधी टूल कोपऱ्याच्याही बरंच वर न्यायचं, फिक्श्चरचे बोल्ट धरून.

किरकोळ, पण रोजच्या

टेबल बेडच्या उजवीकडून डावीकडे फिरवून बसवलं की अधिक ए ची दिशा उलटते: आधी माथा आपल्याकडे यायचा, आता पलीकडे जातो. सारख्या भागांच्या फ्लँजला हे कळत नाही, की-वे (चावीची खाच) असलेल्या जॉबला लगेच कळतं.

जॉबचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक अंगातला जोर लावून आवळू नका. बारीक जॉब मध्ये कमानीसारखा वाकतो.

स्टेपरचं छोटं टेबल असेल तर गणित आधी तपासा. २०० स्टेपची मोटर, १० मायक्रोस्टेप, ९० ला १ चा वर्म, म्हणजे अंशाला ५०० स्टेप. दहा पूर्ण फेऱ्या देऊन डायलवर काटा जागेवर येतो का, ते बघा. एका फेरीत न दिसणारी चूक दहा फेऱ्यांत दिसते.

ऑइल साइट ग्लास महिन्यातून एकदा तरी पुसून बघा. धुळीमागे पातळी भरलेलीच वाटते. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर सीलमधून कूलंट आत गेलंय.

कोल्हापूरच्या पावसात, जून ते सप्टेंबर, कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साचतं. ड्रेन शिफ्टच्या सुरुवातीला उघडा, शेवटी नको. शेवटी कुणी उघडत नाही.

बीडाचा चुरा एअर गनने उडवताना नोझल टेबलाच्या स्पिंडल सीलकडे धरू नका. सुका चुरा सीलखाली शिरतो, कूलंट लागला की त्याचा चिखल होतो आणि रविवारच्या सुट्टीत घट्ट बसतो. ब्रश घ्या, खाली ओढा. हळू वाटतं, वाटू दे.

मशीन चालू असताना टेबलाचा कनेक्टर ओढू नका, एन्कोडर (टेबलाचा कोन मोजणारा भाग) जातो. ॲब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी मात्र बहुतेक फानुक मशीनवर पॉवर चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून बदलतात. बंद करून बदलली की टेबलाचं शून्य गेलं. म्हणून आजच, शून्य बरोबर असताना, फेसप्लेट आणि बॉडीवर एकाच रेषेत बारीक खूण करून ठेवा.